माल तासगावात, पत्ता पुण्याचा: ऑनलाइन धंद्याची नोंदणी करताना या चुका टाळा

"बिलावर पुण्याचा पत्ता असला की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं." सांगलीत जीएसटीची कामं करताना हे वाक्य मी सतत ऐकते, आणि याच समजुतीपायी लोकांना सगळ्यात जास्त त्रास झालेला पाहिलाय.

तासगावजवळच्या एका जोडप्याने ऑनलाइन बेदाणा विकायला जीएसटी नंबराच्या अर्जात पुण्यातल्या भावाच्या फ्लॅटचा पत्ता दिला. तपासणीला अधिकारी आले तेव्हा घरात वहिनी एकट्याच. ना बॉक्स, ना वजनकाटा. "बेदाणा होय? तो गावाकडं असतो," त्या खरं तेच बोलल्या. अर्ज नामंजूर झाला आणि ऐन सीझनचा महिना हातचा गेला.

जीएसटी नंबर राज्याचा असतो. पुण्यातून घ्या नाहीतर तासगावातून, सुरुवात महाराष्ट्राच्या २७ नेच होते आणि कर एक पैसाही कमी होत नाही. म्हणून माल जिथे भरता, हिशेब जिथे ठेवता, तोच मुख्य पत्ता द्या. उद्या भिवंडीत गोडाऊन घेतलंत तर त्याच नंबरात जादा जागा म्हणून जोडता येतं. पण मिरजेपलीकडे कागवाडला माल ठेवून तिथून विकलात तर हद्द बदलली. कर्नाटकचा, २९ ने सुरू होणारा वेगळा नंबर लागतो.

"चाळीस लाखांपर्यंत काही लागत नाही" हे अर्धंच खरं. वर्षाच्या चाळीस लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नंबर न लागण्याची ही मर्यादा वस्तूंसाठी, तीही राज्यातल्या विक्रीपुरती. हस्तकलेच्या काही वस्तू सोडल्या तर बेळगावला पाठवलेल्या पहिल्या पार्सललाही नंबर हवा. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना शॉपिंग साइटवरून जीएसटी नंबराशिवाय विकता येतं, पण फक्त आपल्याच राज्यात, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

आता कागदपत्रं, कारण अर्ज अडकतो तो इथेच. लाइट बिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा जाऊन दहा वर्षं झालेली, हे आपल्याकडे घरोघरी आहे. जागा वापरायच्या संमतीपत्रावर सही कोण करणार? आधी घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराचा उतारा, बघा, त्यावर आज कोणाचं नाव आहे? वडिलांचं असेल तर तो उतारा आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. उताऱ्यावर घर नंबर जसा छापलाय तसाच अर्जात भरा. मनाने "मारुती मंदिराजवळ" घालू नका. शंका काढून नोटीस आली तर उत्तराला सातच कामाचे दिवस मिळतात. म्हणून ईमेल आणि मोबाइल स्वतःचा द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिला पैसे मोजू नका. खाण्याचा माल असेल तर फूड लायसन्सवरही पॅकिंगची खरीच जागा लिहा.

नंबर मिळाला की दारावर त्याची पाटी लावा. जागा बदललीत तर पंधरा दिवसांत पोर्टलवर बदल कळवा.