सीव्ही जॉइंटच्या दुरुस्तीत या चुका टाळा

वळताना पुढच्या चाकाकडून कट-कट आवाज येऊ लागला की अनेक जण प्रथम व्हील बेअरिंगवर संशय घेतात, आणि पहिली चूक इथेच होते. बेअरिंग खराब झाले असेल तर घुमणारा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी थांबत नाही. इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या दांड्याच्या (ॲक्सलच्या) टोकांना सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणारे सांधे असतात. त्यातला चाकाकडचा, म्हणजे बाहेरचा जॉइंट झिजला असेल, तर मात्र स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडीला ओढ दिली की आवाज येतो आणि सरळ रस्त्यावर तो बहुधा नाहीसा होतो. माझ्या गाडीचे बेअरिंग एका गॅरेजमध्ये असेच विनाकारण बदलले गेले. दुसऱ्याच दिवशी सात रस्त्याच्या चौकात वळताना तोच आवाज आला, तेव्हा खाली वाकून पाहिले, तर ॲक्सलचा रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचे घड्यांचे आवरण, घडीवर फाटलेला होता.

हा बूटच खरा महत्त्वाचा. बहुतेक गाड्यांच्या बाहेरच्या जॉइंटमध्ये सहा पोलादी गोळ्या खाचांमधून सरकतात आणि त्यांचे आयुष्य आतल्या ग्रीसवर अवलंबून असते. बूट फाटला की फिरत्या ॲक्सलमुळे ते ग्रीस बाहेर फेकले जाते, चाकाच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात आणि आत गेलेली धूळ खाचांना घासून काढते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा जुने रबर आणखी कडक होते. पुढे पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल त्याच फटीतून आत शिरतो. यात भर म्हणून वॉशिंग सेंटरवर गाडीखाली डिझेल फवारण्याची सवय आहे. डिझेलने रबर फुगते आणि कमकुवत होते, म्हणून ते मारू नका, असे आधीच स्पष्ट सांगावे.

चाचणी मोकळ्या मैदानात करावी. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, हळू वेगात, थोडी ओढ देत गाडी गोल फिरवावी आणि नंतर दुसऱ्या बाजूनेही तसेच करावे. डावीकडे वळताना सहसा उजव्या जॉइंटवर भार येतो, त्यामुळे आवाजही तिकडूनच अपेक्षित असतो. तरीही केवळ कानावर विसंबून न राहता दोन्हीकडचे बूट पाहावेत. गाडी जॅकवर चढवून, चाके लोंबकळत असताना गिअरमध्ये फिरवून निदान करणे धोक्याचे तर आहेच, शिवाय फसवेही आहे, कारण त्या स्थितीत ॲक्सलचा कोन नेहमीपेक्षा जास्त होतो आणि चांगला जॉइंटही थरथरू शकतो.

आतला, म्हणजे गिअरबॉक्सकडचा जॉइंट वेगळ्या तऱ्हेने बोलतो. तुळजापूरचा घाट चढताना गाडी थरथरते आणि पाय सैल केला की शांत होते, अशी तक्रार असेल तर व्हील बॅलन्सिंगवर पुन्हा पुन्हा पैसे घालवू नयेत. बॅलन्सिंगची थरथर ठरावीक वेगाला येते आणि पाय काढल्याने लगेच जात नाही.

बूट नुकताच फाटला असेल आणि आवाज नसेल, तर जॉइंट खोलून, धुऊन, पूर्ण वाळवून, नव्या किटमधले सीव्ही ग्रीस भरावे. साधे पिवळे ग्रीस चालत नाही. आवाज सुरू झाला असेल, तर नवे ग्रीस भरणे म्हणजे केवळ दिवस ढकलणे, कारण झिजलेल्या खाचा त्याने भरून येत नाहीत. अशा वेळी जॉइंट किंवा पूर्ण ॲक्सल बदलावा आणि नवा भाग घेताना लांबी, दात्यांची संख्या व एबीएस रिंग (ब्रेकच्या एबीएस यंत्रणेसाठी चाकाचा वेग मोजणारी दातेरी कडी) जुन्याशी ताडून पाहावी.

हबचा नट, म्हणजे चाकाच्या मध्यभागी ॲक्सल धरून ठेवणारा मोठा नट, चाक जमिनीवर असतानाच सैल करावा, बसवताना नवा वापरावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोराने) आवळावा. ॲक्सल दांड्याला धरून ओढल्यास आतला जॉइंट सुटतो. म्हणून गिअरबॉक्सजवळ पट्टीने हलकेच उचकटावे आणि ऑइल सीलला धक्का लागू देऊ नये. गळालेले गिअर ऑइल भरायला विसरू नये. ॲक्सल काढलेला असताना गाडी ढकलू नये, कारण अनेक गाड्यांत नटाच्या दाबाशिवाय व्हील बेअरिंग खराब होते. बूटच्या क्लिपा आवळण्यापूर्वी आत कोंडलेली हवा बाहेर काढावी आणि आठवड्याभराने चाकाच्या आतल्या बाजूला पुन्हा काळे शिंतोडे आले आहेत का, हे पाहावे.