डाळिंबाच्या सालीने सुती कापड घरी कसं रंगवायचं

डाळिंब सोललं की साल कचऱ्यात टाकू नका, सावलीत कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवा. घरी तेवढी जमत नसेल तर ज्यूस सेंटरवाल्याला आधी सांगून ठेवायचं, पिशवीभर सहज मिळते. या सालीत टॅनिन, म्हणजे तिला तुरट चव देणारा घटक, भरपूर असतो, त्यानेच कापडाला तो सुंदर, किंचित हिरवट पिवळा रंग येतो आणि घामाचा वास आणणाऱ्या जंतूंची वाढही त्यानेच कमी होते.

खालची सगळी मापं पाव किलो कोरड्या सुती कापडाची आहेत. मांजरपाट किंवा मलमल घ्या, पॉलिस्टर मिक्स नको, त्यावर रंग नीट धरत नाही.

खरी मेहनत रंगाच्या आधी आहे, हे अगदी कळकळीने सांगतेय. नव्या कापडात खळ असते, ती निघाली नाही तर रंग आत शिरत नाही. मी पहिल्यांदा मलमलची ओढणी नुसती पाण्यातून काढून रंगात टाकली होती आणि वाळल्यावर तिच्यावर जिकडेतिकडे फिकट चट्टे, ते नंतर काही केल्या गेले नाहीत. म्हणून मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा, थोडा साबण घालून कापड तासभर उकळा आणि स्वच्छ पाण्यात खळबळून घ्या. वाळल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा, लगेच जिरला तर ठीक, मण्यासारखा वर बसला तर परत उकळायचं.

मग हिरडा. काष्ठौषधीच्या दुकानात पावडर मिळते, ५० ग्रॅम पावडर ५ लिटर कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर बुडवा. राजस्थानातल्या बगरूचे, कच्छमधल्या अजरखपूरचे छपाईवालेसुद्धा कापड आधी हिरड्यातूनच काढतात, कारण रंग पक्का धरून ठेवते ती तुरटी, आणि सुती धाग्यावर ती नुसती नीट बसत नाही, तिला धरायला टॅनिन लागतं. हिरडा मिळालाच नाही तर सालीचा अर्धा अर्क (साल उकळून गाळलेलं पाणी, कृती खाली आहे) आधी वापरा, मग तुरटी, मग उरलेला अर्क, रंग थोडा फिका येईल पण येतो. सकाळी कापड पिळा, धुवू नका. ४० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून ५ लिटर कोमट पाण्यात मिसळा, त्यात कापड दोन तास ठेवा आणि एकदाच हलकं धुऊन घ्या.

साल १५० ग्रॅम, ठेचून आदल्या रात्रीच भिजत घातलेली असू द्या. ती स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर तासभर उकळायची आणि दोनदा गाळायची, चुरा राहिला तर जिथे चिकटेल तिथे ठिपके पडतात. लोखंडी कढई अजिबात नको, रंग काळपटतो. कापड मोकळं तरंगेल इतकं पाणी ठेवून ओलं कापडच आत सोडा, पाऊण तास मंद आच, लाकडी दांड्याने सारखं वरखाली करत राहा, आणि गॅस बंद केला तरी गार होईपर्यंत बाहेर काढू नका. ही भांडी परत स्वयंपाकाला घ्यायची नाहीत.

शेवाळी-करडा रंग हवा असेल तर वेगळ्या बादलीत फक्त ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) विरघळवून रंगवलेलं कापड दहा मिनिटं बुडवा, हातात ग्लोव्हज घालून. जास्त घातलं तर कापड विरतं. हिराकस पोटात गेलं तर लहान मुलांना फार धोक्याचं, त्यामुळे वर कपाटात ठेवा. मोरचूद (तांब्याचा क्षार, रंग पक्का करायला काहीजण वापरतात) मी घरात आणतच नाही, विषारी आहे. आणि हळद दिसते छान पण उन्हात महिन्याभरात उडते, त्या मानाने डाळिंब खूप टिकतं.

जंतूंबद्दल खरं ते सांगते. टॅनिन जंतूंच्या प्रथिनांना चिकटतं, लॅबमधल्या चाचण्यांत अशा कापडावर जंतू कमी वाढलेत, पण धुण्यागणिक हा गुण कमी होत जातो. पंचे, उशीचे अभ्रे, आतले कपडे यांना उत्तम, जखमेवर मात्र हे कापड बांधू नका.

सावलीत वाळवा, दोन दिवसांनी सौम्य साबणाने वेगळं धुवा, सोड्याच्या पावडरीने रंग तपकिरी होतो. पातेल्यात उरलेलं पाणी ओतून देऊ नका, त्यात तुरटी लावलेले दोन नॅपकिन अजून रंगतात, फिकट सायीसारखे.