अणुकामगारांवर स्टडी करायचाय? आधी किरणोत्साराच्या डोसचे आकडे मिळवा
नाशिकला आरोग्य विद्यापीठाच्या थीसिससाठी हा विषय घेत असाल तर पहिलं काम, कामगाराच्या टीएलडी बॅजचे (अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा बिल्ला, आत तीन चकत्या असतात तो) जुने रेकॉर्ड वर्षवार मिळवा, नुसतं "प्लांटमध्ये होता" म्हणून काहीच सिद्ध होत नाही. मग तुलना, आणि बरेच जण इथेच फसतात, बाहेरच्या लोकांशी तुलना केली की कामगारच ठणठणीत दिसतात, कारण भरतीलाच मेडिकल करून धडधाकट माणसं घेतलेली असतात, म्हणून कमी डोसवाले आणि जास्त डोसवाले कामगारच एकमेकांशी लावून बघा. कॅन्सरच्या गाठींसाठी शेवटच्या 10 वर्षांचा डोस सोडून द्या, गाठ लगेच होत नाही. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिकेच्या इनवर्क्स या अणुकामगारांच्या स्टडीत 3 लाखांवर कामगार होते, तेव्हा कुठे डोसनुसार कॅन्सरमध्ये फरक दिसला, त्यामुळे शंभरेक जणांवरून निष्कर्ष नको प्लीज. आणि तंबाखूचं विचाराच, बिडी, मिश्री, सगळं.