सबकमांडसाठी बेस क्लास: त्यात काय ठेवायचं, काय नाही

टूलला तिसरी-चौथी सबकमांड (टूलच्या नावापुढे टाइप करायची कमांड) लागली की मुख्य फाइलमधली इफ-एल्सची माळ आवरेनाशी होते. प्रत्येक कमांडचे पर्याय एकीकडे, काम दुसरीकडे, आणि नवी कमांड घालायची तर तीन ठिकाणी हात लावायचा. हे सगळं एका क्लासमध्ये आणता येतं. खाली पायथन आणि त्यातलं आर्गपार्स (कमांड लाइनवरचे पर्याय वाचणारं मॉड्यूल) धरलं आहे. उदाहरणाला 'नोंद' नावाचं टूल घेऊ. त्याच्या सबकमांड 'जोड', 'यादी' आणि 'पुस'.

बेस क्लासमध्ये चारच गोष्टी पुरतात. कमांडचं नाव आणि मदतीची एक ओळ हे दोन क्लास ॲट्रिब्यूट. मग 'ॲड_आर्ग्युमेंट्स' ही मेथड, जी बेसमध्ये रिकामीच ठेवायची, कारण प्रत्येक कमांडला पर्याय असतातच असं नाही. आणि 'रन', जी ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे प्रत्येक सबक्लासने स्वतः लिहायलाच हवी अशी. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या बेसकमांडचा साचाही साधारण असाच आहे, फक्त तिथे 'रन'च्या जागी 'हँडल' असते. बेस क्लास एबीसीवरून (पायथनचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लासांसाठीचा तयार क्लास) घ्यायला विसरू नका. नाहीतर ॲब्स्ट्रॅक्टची खूण नुसती शोभेला राहते आणि 'रन' न लिहिलेल्या क्लासचा ऑब्जेक्टही मुकाट्याने तयार होतो.

फाइल उघडणं, डेटाबेसची जोडणी, रंगीत छपाई हे बेसमध्ये कोंबायचा मोह होतो. नका करू. 'यादी'ला जे लागतं ते 'जोड'ला लागेलच असं नाही. अशा गोष्टी साध्या फंक्शनमध्ये ठेवा आणि ज्या कमांडला हव्या तिने बोलवाव्यात.

नोंदणीसाठी '__इनिट_सबक्लास__' सोयीचं आहे (पायथन 3.6 पासून). सबक्लास लिहिला की ही मेथड बोलावली जाते, तिच्यात तो कमांडच्या नावाखाली एका डिक्शनरीत टाकायचा. इथे दोन ठेचा ठरलेल्या. पहिली: कमांडची फाइल इम्पोर्टच झाली नाही तर क्लास तयारच होत नाही, मग कमांड मदतीतही दिसत नाही आणि एररही येत नाही. म्हणून कमांडचं पॅकेज 'पीकेजीयुटिल.इटर_मॉड्यूल्स'ने फिरून प्रत्येक मॉड्यूल इम्पोर्ट करा. दुसरी: 'यादी'वरून दुसरी कमांड काढली आणि नाव बदलायचं राहिलं, तर जुनं नाव वारशाने येतं आणि डिक्शनरीतली मूळ नोंद गपचूप पुसली जाते. नाव आधीच असेल तर तिथल्या तिथे एरर फेका.

आता मुख्य फंक्शन. 'ॲड_सबपार्सर्स' बोलावताना 'रिक्वायर्ड' ट्रू द्या, आणि सोबत 'डेस्ट'ही (निवडलेल्या सबकमांडचं नाव ज्या नावाखाली साठतं ते). पायथन 3 मध्ये सबकमांड मुळात ऐच्छिक असते. 'रिक्वायर्ड' नसेल तर नुसतं 'नोंद' चालवणाऱ्याला वापराच्या सूचनेऐवजी ॲट्रिब्यूट एररचा ट्रेसबॅक बघावा लागतो. मग प्रत्येक क्लासचा ऑब्जेक्ट बनवा, त्याच्यासाठी 'ॲड_पार्सर' करा, तो पार्सर 'ॲड_आर्ग्युमेंट्स'ला द्या आणि 'सेट_डिफॉल्ट्स'ने ऑब्जेक्ट त्यावर टांगा. ज्या नावाने टांगाल ते अंडरस्कोरने सुरू करा. 'कमांड' असं सरळ नाव ठेवलं आणि उद्या एखाद्या सबकमांडला त्याच नावाचं आर्ग्युमेंट आलं, तर ऑब्जेक्टच्या जागी स्ट्रिंग हातात येते.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र 'व्हर्बोज'सारख्या (जास्त तपशील छापायला सांगणाऱ्या) सामाईक पर्यायाची. तो मुख्य पार्सरवरही हवा असतो आणि सबकमांडवरही, कारण माणसं तो कुठेही टाइप करतात. दोन्हीकडे सारखाच 'स्टोअर_ट्रू' (पर्याय दिला तर ट्रू, नाहीतर फॉल्स) लावला तर 'नोंद --व्हर्बोज यादी' यात पर्याय वाया जातो: मुख्य पार्सर ट्रू लिहितो, मग सबपार्सर आपला डिफॉल्ट फॉल्स त्यावर चढवतो. उलट क्रमाने लिहिलं की चालतं, त्यामुळे दोष चटकन सापडत नाही. उपाय एका शब्दाचा: सबपार्सरवरच्या पर्यायाचा डिफॉल्ट 'आर्गपार्स.सप्रेस' (पर्याय दिला नाही तर काहीच लिहू नको) ठेवा, मुख्यवर फॉल्स. ही ओळ मात्र मुख्य फंक्शनमध्ये 'ॲड_पार्सर'च्या लगेच खाली हवी, म्हणजे प्रत्येक कमांडला आपोआप मिळते.

'रन'ने पूर्णांक परत करावा, मुख्य फंक्शनने तोच पुढे परत करावा, आणि 'सिस.एक्झिट' फक्त त्याच्या बाहेर, फाइलच्या शेवटी एकदाच बोलवावं. काहीच परत केलं नाही तर एक्झिट कोड (संपताना शेलला दिलेला आकडा, 0 म्हणजे यश) 0, ते ठीक. पण काम फत्ते झालं म्हणून ट्रू परत केलं तर कोड 1 जातो, म्हणजे शेलच्या लेखी अपयश. 'पुस'ने किती नोंदी पुसता आल्या नाहीत तो आकडा परत करणंही धोक्याचं. युनिक्सवर कोडचे खालचे 8 बिटच उरतात, तेव्हा 256 अपयशं शेलला 0 दिसतात. 0 आणि 1 पुरे. चुकीच्या आर्ग्युमेंटसाठी आर्गपार्स स्वतःच 2 देतं. कंट्रोल-सीसाठी कीबोर्डइंटरप्ट मुख्य फंक्शनमध्ये पकडून 130 द्या.

मदतीच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह हवं असेल तर दोनदा लिहा, एकट्या चिन्हाने मदत छापताना एरर येते. जड लायब्ररी फाइलच्या डोक्यावर नव्हे, 'रन'च्या आत इम्पोर्ट करा. नाहीतर 'यादी'ची नुसती मदत बघायलाही 'जोड'ची लायब्ररी लोड होते, कारण नोंदणीसाठी सगळ्या फाइली इम्पोर्ट होतातच.

मुख्य फंक्शनला आर्ग्युमेंटची यादी घेता येऊ द्या, डिफॉल्ट नन. नन असेल तर आर्गपार्स कमांड लाइनवरून वाचतं. टेस्टमध्ये यादी थेट देता येते आणि परत आलेला आकडा तपासता येतो. चुकीच्या आर्ग्युमेंटच्या टेस्टमध्ये मात्र आकडा परत येत नाही, सिस्टिमएक्झिट पकडावं लागतं.