जुन्या पिस्तुलाची नवी आवृत्ती हातात घेताय? या चुका टाळा

"काहून चालून नाही राह्यलं हे?" नागपुरात आमच्या नेमबाजीच्या रेंजवर नवं पिस्तूल आलं की हा प्रश्न ठरलेला. दिसायला हुबेहूब आजोबांच्या काळातलं, पण चाप ओढला तरी ढिम्म. बहुतेक वेळा पिस्तूल धड असतं; आपल्या हाताची सवय दुसऱ्याच मॉडेलची असते.

सगळ्यात घातक चूक मॅगझिनची, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीची. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये मॅगझिन काढलं की चाप ओढूनही घोडा (गोळी उडवण्यासाठी आदळणारा मागचा हॅमर) पडत नाही. (ईशापूरच्या कारखान्यातलं आपलं ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातलं.) अमेरिकेत २०२१ मध्ये आलेल्या एसए-३५ या नव्या आवृत्तीत ही सोय काढून टाकली, कारण तिच्यामुळे चाप जड लागतो. बाहेरून पाहून हा फरक कळत नाही. जुन्याची सवय असलेला माणूस मॅगझिन काढून निर्धास्त होतो आणि चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात आधीच चढलेली, गोळी तशीच राहते. म्हणून मॅगझिन आधी काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा, करंगळी घालून चाचपा. दोनदा केलं म्हणून कोणी हसत नाही.

दुसरी चूक सेफ्टीच्या खटक्याच्या दिशेची. कोल्टच्या '१९११' या मॉडेलचा खटका वर केला की सेफ, खाली केला की तयार. वॉल्थर पीपी या पिस्तुलाचं नेमकं उलटं: खाली सेफ, वर तयार. शिवाय पीपीचा खटका खाली करताना उभा घोडाही पडतो. पहिल्यांदा तो "खट्" आवाज ऐकून आमच्या एका दादांचा चेहरा पांढराफटक पडला होता! नवं पिस्तूल घेतलं की रिकाम्या चेंबरनं, नळी सुरक्षित दिशेला धरून, खटक्याची सवय हाताला लावा.

१९११ अजिबात चाप घेत नसेल तर आधी पकड बघा. मुठीच्या पाठीमागची ग्रिप सेफ्टी तळव्यानं पूर्ण दाबली जात नसेल तर चाप अडतो. अंगठे फार वर ठेवणाऱ्यांचा तळवा तिथून सुटतो. ती सेफ्टी बांधून टाकायचा सल्ला देणारे महाभाग भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

१९८३ च्या सीरिज ८० पासून कोल्टनं १९११ मध्ये फायरिंग पिन (गोळीवर आदळणारी सुई) अडवणारा भाग घातला, पिस्तूल पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून. चाप किंचित खरखरीत लागतो, तो दोष नव्हे. तो भाग काढायला लावू नका.

अर्ध्यावर अडलेल्या घोड्याला सेफ्टी समजू नका. आणि छोट्या .२२ गोळीच्या आवृत्तीत रिकामा चाप ओढत बसू नका; पिन थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते. डमी गोळ्या वापरा.

सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड वायूवर) चालणारी हुबेहूब एअर पिस्तुलं घेणाऱ्यांनी मे महिना लक्षात ठेवावा. बारा ग्रॅमच्या सिलिंडरमधला वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूप राहत नाही, तापमान चढेल तसा दाब वाढत जातो. दुपारी सीताबर्डीला गाडी उन्हात लावून खरेदीला गेलात, तर डिकीतली सिलिंडरची पाकिटं आधी काढून घरी ठेवा.