गोष्ट निर्णयापाशी थांबवावी

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या एका तपस्व्याची गोष्ट सांगतो. कायम खरेच बोलायचे, असे या कौशिकाचे व्रत असते. एके दिवशी दरोडेखोरांच्या भीतीने पळत आलेली काही माणसे जवळच्या झाडीत लपतात आणि पाठोपाठ आलेले दरोडेखोर नेमके कौशिकालाच विचारतात, की ती माणसे कोणत्या वाटेने गेली. तुम्ही सत्यवादी आहात, तेव्हा सांगा. मुलांना ही गोष्ट सांगायची असेल तर ती इथेच थांबवावी. ‘तू कौशिकाच्या जागी असतास तर काय केले असतेस?’ एवढेच विचारावे आणि मग गप्प बसावे. सांगणाऱ्याला यातले गप्प बसणेच सर्वांत जड जाते.

नऊ वर्षांच्या एका मुलीला मी हा प्रश्न विचारला, तेव्हा ती लगेच म्हणाली, ‘खोटं सांगीन.’ तिच्या मोठ्या भावाने ‘मग व्रत मोडलं की!’ असे म्हणताच ती अडखळली, पायाच्या अंगठ्याने फरशीवर रेघा ओढत राहिली, आणि मग म्हणाली, ‘मी ध्यानाला बसल्यासारखं करीन. बोलणारच नाही.’ श्रीकृष्णाचे उत्तरही जवळपास हेच आहे: न बोलण्याने सुटका होत असेल तर बोलूच नये, आणि बोलणे भागच पडले किंवा गप्प राहिल्याने संशय येणार असेल, तर अशा वेळी सत्यापेक्षा असत्य श्रेयस्कर. कौशिकाने मात्र खरे सांगितले, ती माणसे मारली गेली आणि त्याला नरक मिळाला. हा शेवट मुलांनी आपापली उत्तरे देऊन झाल्यावरच सांगावा. मग ती तो एखाद्या पंचाचा निकाल ऐकावा तशी कान देऊन ऐकतात आणि पटला नाही तर भांडतातही. भांडू द्यावे.

गोष्टीच्या शेवटी तात्पर्य सांगण्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की ही पद्धत सुरुवातीला अपुरी वाटते. परंतु तात्पर्य शोभते ते कोल्ह्या-कावळ्याच्या गोष्टीला. महाभारतातील पेच बहुधा चांगले आणि वाईट यांच्यातला नसून दोन चांगल्या गोष्टींमधला असतो, आणि त्याला एका ओळीचे तात्पर्य चिकटवले की नेमका पेचच नाहीसा होतो. अठरा अध्याय बोलून झाल्यावर गीतेत श्रीकृष्णसुद्धा ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ म्हणजे ‘याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवे तसे कर’ असे म्हणून निर्णय अर्जुनावर सोपवतो (18.63).

अगदी लहान मुले परिणामावरून न्याय करतात; नुकसान मोठे तर चूक मोठी. हेतू, वचन आणि परिस्थिती यांचा एकत्र विचार त्यांना हळूहळू जमू लागतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी एकच निर्णय असलेला छोटा प्रसंग घ्यावा. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबाल गुरूंपुढे उभा राहतो, गोत्र विचारल्यावर आईने सांगितले तसे ‘मला माझे गोत्र ठाऊक नाही’ असे सांगून टाकतो, आणि गुरू त्याला त्या खरेपणासाठीच शिष्य करून घेतात. ‘सांगताना त्याला भीती वाटली असेल का?’ एवढा एक प्रश्न या वयाला पुरे.

आठ-नऊ वर्षांच्या पुढे वनपर्वातील यक्षप्रश्नांकडे वळावे. प्रश्नोत्तरे भराभर सांगून टाकावीत, कारण खरा क्षण त्यांच्यानंतर येतो. चारही भाऊ तळ्याकाठी निष्प्राण पडले आहेत आणि यक्ष म्हणतो, यांपैकी एकाला जिवंत करतो, कोणाला करू? इथे मुलांना भावांची नावे कागदावर लिहून एकावर बोट ठेवायला सांगावे. बोट बहुधा भीमावर किंवा अर्जुनावर जाते, आणि कारणेही चोख असतात: युद्ध व्हायचे आहे, बलवान भाऊ हवा. युधिष्ठिर मात्र नकुल मागतो. कुंतीचा एक मुलगा म्हणून मी आहेच, तेव्हा माद्रीचाही एक मुलगा राहावा, असे त्याचे म्हणणे. हे ऐकून मुले थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. नंतर ‘पण मग युद्ध हरले असते तर?’ असा प्रश्न आला, तर त्याचे उत्तर देऊ नये. तो तसाच राहू द्यावा.

हाच युधिष्ठिर पुढे युद्धात द्रोणांना अश्वत्थामा मारला गेल्याचे सांगतो. मेलेला असतो तो त्यांच्या मुलाच्याच नावाचा हत्ती, पण ‘हत्ती’ हा शब्द तो ऐकू जाणार नाही असा उच्चारतो. तोवर जमिनीपासून चार अंगुळे वर असणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकतो. दोन्ही प्रसंग एकाच आठवड्यात सांगावेत. एकच माणूस एकदा फार चांगला निर्णय घेतो आणि एकदा घसरतो, हे मुलांना कळले की त्यांना स्वतःची चूक कबूल करणेही थोडे सोपे जाते.

मोठ्या मुलांसाठी मला द्यूतसभेसारखा दुसरा प्रसंग दिसत नाही. स्वतःला आधी हरलेल्या माणसाला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का, असे द्रौपदी विचारते. भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळतात. आणि कौरवांपैकीच एक, विकर्ण, उठून तिची बाजू घेतो. मुलांना सभेचा नकाशा काढायला लावावा आणि ‘तू कुठे बसला असतास, आणि कधी उठला असतास?’ असे विचारावे. वर्गात एखाद्या मुलाला सगळे मिळून चिडवत असताना आपण काय करतो, हा विषय मग मुलेच काढतात.

सांगण्यापूर्वी गोष्ट एकदा मुळातून किंवा चांगल्या अनुवादातून वाचावी. द्रौपदीने दुर्योधनाला ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ म्हटल्याचे सर्रास सांगितले जाते, पण अनेक हस्तलिखिते ताडून तयार केलेल्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत ते वाक्य नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकिरामायणात नाही. दोष कोणाच्या पदरात पडतो, हे अशा एका वाक्याने बदलते.

काही गोष्टी मुलांना बोचतील. एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या द्रोणांचे समर्थन करण्याची जबाबदारी आपल्यावर नाही. ‘मलाही ते अन्यायाचे वाटते’ असे सरळ सांगावे. तसे केल्याने ग्रंथाविषयीचा आदर कमी होतो, हे मला मान्य नाही. उलट सारवासारव मुलांना चटकन ओळखू येते.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मुलाने आज खोटे बोलले म्हणून आजच हरिश्चंद्र काढू नये. गोष्टीचा छडीसारखा उपयोग झाला, की पुढच्या वेळी ‘एक गोष्ट सांगतो’ म्हणताच मूल आपण काय केले ते आठवू लागते.

मुले ही फूटपट्टी आपल्यालाही लावणार, याची तयारी ठेवावी. कठोपनिषदातील नचिकेत हा मुलगाच आहे. वडील दानात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई देत आहेत हे त्याच्याच नजरेला येते. आणि यमाने वर दिल्यावर तो सर्वांत आधी वडिलांचा राग शांत व्हावा असे मागतो. तैत्तिरीय उपनिषदात तर गुरूच शिष्याला सांगतात, की आमची जी चांगली आचरणे असतील तीच उचल, इतर नको. आणि कसे वागावे अशी शंका आली, तर विचारी, धर्मनिष्ठ आणि कठोर नसलेली माणसे तशा वेळी कशी वागतात ते पाहा. यावरून एक सोपा उपक्रम करता येतो. मुलाला अशा तीन माणसांची नावे लिहायला सांगावी, ज्यांना अडचणीच्या वेळी विचारता येईल. यादी त्यानेच करावी, आणि तीत आपले नाव नसले तर लगेच कारण विचारू नये.