मायलेजसाठी गाडी खाली बसवताय? जरा थांबा

गाडी खाली बसवली, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी केली, की तिच्या पोटाखालून कमी हवा जाते, वाऱ्याचा अडथळा थोडा घटतो आणि इंधन वाचतं. हे खरं आहे, पण वेगात असतानाच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सायनहून अंधेरीला ट्रॅफिकमध्ये रांगणाऱ्या गाडीला तो जाणवतही नाही. तिथलं पेट्रोल जातं थांबून पुन्हा निघण्यात.

नुकसान मात्र रोजचं. सोसायटीच्या गेटवरचा उंच स्पीड ब्रेकर, उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या वर आलेलं गटाराचं झाकण, हे सगळं ऑइल सम्पला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेलाच्या टाकीला घासतं. पावसाळ्यात मिलन सबवेसारख्या सखल जागी पाणी लवकर आत शिरतं, ते वेगळंच. गाडी खाली बसवायला गॅरेजवाला स्वस्तात चाकांवरची स्प्रिंग कापून देतो म्हणाला तर कृपा करून नाही म्हणा. मोठ्या खड्ड्यात चाक लोंबलं की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधनं घालतं, आणि विम्याचा क्लेमही अडकू शकतो.

वाऱ्याशीच झगडायचं असेल तर टपावरचा रिकामा कॅरियर उतरवा. पुण्याला जाताना एक्स्प्रेसवेवर १०० ऐवजी ८० ने चला. हवेचा विरोध साधारण ३६ टक्क्यांनी उतरतो, तोही फुकटात. आणि टायरची हवा दर पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा बघूनच भरा.